काळ्या दगडाचे बेट

बेट हा शब्द आमच्याकडे निराळ्याच अर्थाने रुळला आहे. परभणी-जिंतूरकडच्या माणसाला बेट म्हटले की आधी बांबूचे बेट आठवते. गंगाखेडचा माणूस असेल तर उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रात उघडा पडणारा वाळूचा उंचवटा त्याच्या डोळ्यांपुढे येईल. चहूबाजूंनी पाणी असलेला भूभाग हा अर्थ भूगोलाच्या पुस्तकातला, आणि तो परीक्षेपुरता. आमच्यापासून समुद्र चारशेहून अधिक किलोमीटर दूर. मुंबई आमची राजधानी झाली ती १९५६ साली. त्याआधी आमचे तोंड हैदराबादकडे होते, आणि हैदराबादलाही समुद्र नाही! तेव्हा एका मराठवाडी मास्तराने बेटावर लिहावे हे थोडेसे धाडसच. पण दिवाळी अंकात माणसाला धाडस शोभते. एरवी वर्षभर या सदरात आम्ही म्हणींचे आणि शब्दांचे कीस पाडीत असतोच.

अलीकडे सुखवस्तू घरांतली तरुण मंडळी परदेशी सहलींना जातात आणि परत आली की छायाचित्रे दाखवतात. त्यांत भूमध्य समुद्रातील ज्वालामुखीची बेटे हटकून असतात. ग्रीसचे सँटोरिनी घ्या. पांढरीशुभ्र घरे, निळे घुमट आणि खाली काळाकभिन्न कडा. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी या बेटाचे पोट फुटले, मधला भाग समुद्रात गेला आणि उरलेल्या कड्यावर माणसांनी पुन्हा घरे बांधली. राखेखाली गाडलेले त्यांचे जुने गाव १९६७ पासून उकरून काढले गेले, त्यात रंगीत भित्तिचित्रे निघाली. इटलीजवळचे स्ट्रॉम्बोली तर अजून धगधगते आहे. रात्रीच्या वेळी त्याच्या शिखरावरची आग पाहून जुने खलाशी वाट ओळखत, म्हणून त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणतात. हे सारे पाहून आपला माणूस हळूच सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "आपल्याकडे असे काही नाही."

आहे. आणि ते पाहायला पारपत्र लागत नाही. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभराचा रस्ता आहे. त्याचे नाव घारापुरी. इंग्रजी शाळेत गेलेले लोक त्याला एलिफंटा म्हणतात.

घारापुरी हे ज्वालामुखीचे बेट म्हटल्यावर कोणी भुवया उंचावील. तेथे शिखर नाही, धूर नाही, गंधकाचा वास नाही. भारतात जागा ज्वालामुखी एकच, तो अंदमानातल्या बॅरन बेटावर. दीडशे वर्षांहून अधिक काळ झोपून तो १९९१ साली पुन्हा जागा झाला. पण आमचा महाराष्ट्र मुळात ज्वालामुखीचीच निर्मिती आहे, हे आपण फार लौकर विसरतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस वाहू लागला. चित्रातल्यासारखा डोंगर फुटून कारंजे उडाले असे नव्हे. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरते तसा तो पसरला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आज उरलेला हा थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापतो आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. शास्त्रज्ञ त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. हा ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत पायऱ्यांना जो शब्द आहे त्यावरून ते नाव पडले, कारण आपले डोंगर थराथरांनी पायऱ्यांसारखे दिसतात. बालाघाटचे डोंगर एस. टी.च्या खिडकीतून ज्याने पाहिले आहेत, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

याच दगडाची झीज होऊन आमची काळी जमीन झाली. आमच्या बोलीत 'काळी' म्हणजे शेती आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. शेतकरी काळीला आई म्हणतो. ती आई कोटी वर्षांपूर्वी आगीच्या रूपाने आली होती हे त्याला ठाऊक नसते, पण नांगराला लागणाऱ्या गारगोट्या त्याला ठाऊक असतात. शिलारस थंड होताना त्यात वाफेचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढे स्फटिक जमले. त्याच या गारगोट्या. आणि विहीर खणताना माती गेली, मुरूम गेला आणि खाली काळा पाषाण लागला की घरातल्या बायकांचे चेहरे का उतरतात, हेही त्याला ठाऊक असते. त्यापुढे सुरुंग आणि कर्ज यांवाचून गती नसते.

हे सगळे मला सुचले ते माझ्या हुशारीने नव्हे. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाची सहल घेऊन मी घारापुरीला गेलो होतो. पूर्वी आमच्या भागात मीटरगेजची लाइन होती आणि मुंबईला जायचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे. आता रात्री परभणीला बसले की सकाळी मुंबई. बरोबर चाळीसएक मुले-मुली, त्यांतल्या निम्म्यांहून अधिकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. लेण्याच्या तोंडाशी पोचल्यावर बाकीची मुले माकडांच्या मागे लागली. जिंतूरकडचा एक मुलगा मात्र खांबाला हात लावून उभा राहिला. त्याच्या बापाने विहिरीसाठी दोनदा कर्ज काढले होते आणि दोन्ही वेळा काळा दगडच लागला होता, हे मला माहीत होते. तो म्हणाला, "सर, हा तं आपल्या हिरीतला दगड हाय!" आणि थोडे थांबून म्हणाला, "यानं हा इतका कसा काय कोरला?" शिल्पशास्त्रावरचे दोनचार ग्रंथ मी वाचून गेलो होतो, पण इतका नेमका प्रश्न त्यांत मला कोठे भेटला नव्हता. ज्याच्या घरी त्या दगडाने दोनदा रडवले आहे, त्यालाच तो पडतो.

आता कोरला कसा ते. लेणे बांधीत नाहीत, लेणे काढतात. आपली भाषा येथे अगदी अचूक आहे. घर बांधताना माणूस पायापासून वर जातो. लेणे काढताना आधी छत, मग खांबांचे माथे, मग खाली खाली जमीन. दगड जसजसा निघून जाई तसतसा उरलेल्या दगडावरच कारागीर उभा राही, म्हणून परांची बांधण्याचा खटाटोप कमी. पण चूक झाली तर दुरुस्ती नाही. नाकाचा टवका उडाला की तो परत बसत नाही. घारापुरीत पुष्कळ खांब मोडून पडले होते, आज दिसणाऱ्यांतले काही नव्याने उभे केलेले आहेत. ते पडले तरी छत कोसळले नाही, कारण छत डोंगराचेच आहे. खांब भार पेलतात असे वाटते, ते पुष्कळसे आपल्या डोळ्यांच्या समाधानासाठी.

मोठे लेणे हे पहिल्या क्रमांकाचे. बेटाला दोन टेकड्या आहेत, पैकी पश्चिमेकडच्या टेकडीत हे आहे. त्याची रचना ध्यानात घेतल्यावाचून आत जाऊ नये, नाहीतर अंधारात नुसती चित्रे पाहिल्यासारखे होते. सभामंडप तीन बाजूंनी उघडा आहे, उत्तर, पूर्व आणि पश्चिम. पूर्वेकडून आत शिराल तर समोर सरळ रेषेत शिवलिंगाचे गर्भगृह येते. त्याला चार दारे आणि प्रत्येक दाराशी पुरुषभर नव्हे, दोन पुरुषांहून उंच द्वारपाल. हल्ली आपण सगळे उत्तरेकडून शिरतो, तेव्हा समोर दक्षिणेच्या भिंतीत, अंधाराच्या पार पलीकडे, ती प्रसिद्ध मूर्ती दिसते. एकाच मंडपात दोन वाटा एकमेकींना छेदून जातात. एक निराकाराकडे जाणारी, एक आकाराकडे. असा विचार करणारा माणूस कोणी साधा ठेकेदार नसणार.

मूर्तीला आपण त्रिमूर्ती म्हणतो आणि मार्गदर्शक मंडळी ब्रह्मा, विष्णू, महेश अशी नावे सांगून मोकळी होतात. ते खरे नाही. ती एकट्या शिवाची मूर्ती आहे. सदाशिव म्हणा, महेशमूर्ती म्हणा. मधले मुख शांत, डोळे मिटलेले, तो तत्पुरुष. आपल्या डाव्या हाताचे मुख मिशाळ, कपाळाला आठ्या, हातात नाग, तो अघोर. उजवीकडचे वामदेवाचे मुख जवळजवळ स्त्रीचे, केस कुरळे, अंगावर मोत्ये, हातात कमळ. चौथे मुख डोंगराच्या आत आहे असे समजायचे आणि पाचवे वर, आपल्या नजरेच्या पलीकडे. मूर्ती साडेपाच मीटरांच्या आसपास उंच, आणि तीही नुसती छातीपर्यंतच. म्हणजे उरलेला देव जमिनीखाली उभा आहे, असे मनाने धरावयाचे. मला या मूर्तीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती हीच, की शिल्पकाराने न कोरलेला भाग कोरलेल्याहून मोठा ठेवला.

तिच्या दोन्ही बाजूंस दोन मोठे शिल्पपट आहेत. एकीकडे अर्धनारीश्वर नंदीवर रेलून उभा आहे, त्याच्या स्त्रीरूप अर्ध्या हातात आरसा आहे. दुसरीकडे गंगाधर. गंगा तीन देहांची कोरली आहे, आणि खाली भगीरथ हात जोडून बसला आहे. गंमत पाहायची तर पार्वतीची मुद्रा पाहावी. नवऱ्याच्या डोक्यावर दुसरी येऊन बसते आहे हे पाहणाऱ्या बायकोची जी मुद्रा व्हावी, ती दगडात उतरली आहे. इतर पटांत रावण कैलास हलवतो, शिवपार्वती सोंगट्या खेळतात, शिव अंधकासुराला मारतो. नटराज आहे, पण त्याचे हातपाय इतके मोडले आहेत की नृत्य आपण मनानेच पुरे करावे लागते. योगी शिव कमळावर बसला आहे, आणि त्याच्याकडे ओझरते पाहिले तर बुद्ध बसला आहे असेच वाटते.

माझा आवडता पट विवाहाचा. कल्याणसुंदर असे त्याचे शास्त्रीय नाव. वधू वराच्या उजव्या हाताला उभी आहे. आपल्याकडेही लग्न लागेपर्यंत ती उजवीकडेच असते. मान किंचित खाली. पुरोहित म्हणून स्वतः ब्रह्मदेव बसला आहे. मागून वधूचा बाप हिमवान तिला हलकेच पुढे करतो आहे. मुलीचा बाप, मग तो हिमालय का असेना, त्या क्षणी कसा दिसतो हे ज्याने स्वतः एकदा अनुभवले आहे त्याने येथे थोडा वेळ उभे राहावे. शिल्प झिजले आहे, पण ती किंचित झुकलेली मान अजून जशीच्या तशी आहे.

ज्यांना मुंबईपर्यंत जाणे जमत नसेल त्यांच्यासाठी एक गुपित सांगतो. वेरूळला एकोणतिसाव्या क्रमांकाचे लेणे आहे, धुमार लेणे. कैलास पाहून थकलेली मंडळी सहसा तेथवर जात नाहीत. त्याची मांडणी घारापुरीच्या मोठ्या लेण्याशी इतकी जुळते की एकाच परंपरेचे कारागीर दोन्हीकडे राबले असावेत असे अभ्यासकांना वाटते. तोच दगड, तीच पद्धत, तोच शिव. म्हणजे घारापुरी हे मुंबईकरांचे एकट्याचे नव्हे. ते थोडेसे आमच्या मराठवाड्याचेही आहे.

हे लेणे कोणी कोरविले? येथे आमच्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्या माणसाच्या जिवाला चटका लागतो. शिल्पशैलीवरून काळ सहाव्या शतकाच्या मध्याचा ठरतो. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली, त्यावरून काहींनी श्रेय कलचुरींना दिले आहे. हा वंश पाशुपत शैव पंथाचा, तेव्हा ते पटतेही. दुसरे कोकणच्या मौर्यांचे नाव घेतात. चालुक्य दुसऱ्या पुलकेशीचा ऐहोळेचा शिलालेख इ. स. ६३४ चा. त्यात रविकीर्तीने आपल्या राजाच्या पराक्रमात पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या पुरी नावाच्या नगरीवर शेकडो जहाजांनी केलेली चढाई वर्णिली आहे, आणि त्या जहाजांना मदमत्त हत्तींची उपमा दिली आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी असे काही विद्वानांचे मत आहे, काही ती दुसरीकडे नेतात.

हा वाद मिटविणारा दगड एकेकाळी जागेवर होता! पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले आहे की लेण्याच्या दारावर एक कोरीव लेख होता. तो पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे लिस्बनला पाठविला. राजाने तो वाचणारा माणूस पुष्कळ शोधला, पण मिळाला नाही. पुढे तो दगड कोठे गेला त्याचा पत्ता नाही. लिपी वाचणारी माणसे इकडे होती, दगड तिकडे गेला. ज्या राजाने किंवा राणीने, ज्या व्यापाऱ्याने किंवा गुरूने हे काढविले त्याचे नाव त्या एका दगडाबरोबर बुडाले. देवांची नाकेडोळे फोडल्याबद्दल पोर्तुगीजांवर पुष्कळांचा राग आहे, आणि त्यांच्या शिपायांनी मूर्तींवर गोळ्या झाडल्या असे परंपरेने सांगितलेही जाते. माझा राग त्या एका दगडासाठी अधिक आहे. तुटलेल्या हाताचा अंदाज बांधता येतो. गेलेल्या नावाचा येत नाही.

पोर्तुगीज या भागाचे धनी झाले १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालची बेटे त्यांना देऊन टाकली तेव्हा. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा वैद्य पोर्तुगालहून आला. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. पुढे मुंबईचे बेटही त्याच्याकडे खंडाने होते. त्या ग्रंथात तो घारापुरीविषयीही बोलतो. मी आलो तेव्हा हे देऊळ फारच पाहण्याजोगे होते, आता गुरेढोरे आत शिरून त्याची नासाडी झाली आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे तोफांच्या आधी गुरे होती. इतिहासात नासाडीचे मानकरी नेहमी एकाहून अधिक असतात.

बेटाची कथा लेण्यांपासून सुरू होत नाही, त्याच्याही पुष्कळ आधी सुरू होते. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या एका बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, जवळ दोन लेणी आणि पाण्याची टाकी आहेत. तिकडे प्रवासी फिरकत नाहीत, कारण तिकडे खेळण्यातल्यासारखी ती आगगाडी जात नाही. बेटावर रोमन काळातल्या उंच, दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. भूमध्य समुद्राच्या काठची द्राक्षांची दारू आणि ऑलिव्हचे तेल ज्यांतून येई तेच हे कुंभ. म्हणजे सँटोरिनीची छायाचित्रे पाहून सुस्कारे टाकणाऱ्यांना सांगायला हरकत नाही की दोन हजार वर्षांपूर्वी ती मंडळीच आपल्या दारी माल घेऊन येत होती.

येथून माझी मराठवाडी नजर पुन्हा घराकडे वळते, त्याला इलाज नाही. त्याच काळात ग्रीक भाषेत लिहिलेले एका व्यापाऱ्याचे समुद्रप्रवासाचे टिपण आहे. त्यात पैठण आणि तेर या दोन्ही गावांची नावे आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, तिथला माल गाड्यांतून किनाऱ्याकडे जाई असे तो लिहितो. १९३८ साली इटलीत पाँपेई या गावी एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. हे गाव इ. स. ७९ मध्ये व्हिसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. मूर्ती मात्र अस्सल भारतीय, गळ्यात हार, हातांत कोपरापर्यंत बांगड्या. पहिल्यांदा तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे यक्षी. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती आपल्याकडे तेरला आणि जालन्याजवळच्या भोकरदनला मिळाल्या, म्हणून ती भोकरदनच्या बाजूची असावी असे अनेकांचे मत आहे. आमच्या काळ्या रानातून निघालेली बाई समुद्र ओलांडून परक्या ज्वालामुखीच्या तावडीत सापडली आणि त्याच राखेने तिला एकोणीसशे वर्षे सांभाळले!

मधला इतिहास भराभर सांगतो. मराठ्यांनी पोर्तुगीजांची उत्तर कोकणातली सत्ता मोडली ती १७३९ साली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टीबरोबर हे बेटही त्यांच्याकडेच राहिले. पुढे तेथे तोफा चढल्या, त्यांपैकी दोन अजून टेकडीवर पडल्या आहेत. १८७५ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा या लेण्यात त्याला मेजवानी देण्यात आली. महेशमूर्तीच्या समोर टेबले मांडून काटेचमचे वाजले. देवाने मधले डोळे मिटलेले आहेत, ते बरेच झाले. त्या आधी चार वर्षे बर्जेस नावाच्या इंग्रजाने या लेण्यांवर कसून लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध केले होते. राज्यकर्त्यांत दोन्ही जातीची माणसे असतात. युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा म्हटले ते १९८७ साली.

आणि माणसे? प्रवासवर्णने लिहिणारे लोक बेटावरच्या माणसांना सहसा झाडाझुडपांबरोबर गुंडाळून टाकतात. घारापुरीत शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत. सगळी मिळून हजारबाराशे माणसे. मासेमारी, थोडी भातशेती आणि बाकी प्रवाशांवर गुजराण. समोर, हाताच्या अंतरावर म्हणावे अशी, मुंबई रात्रभर झगमगत असते. त्या झगमगाटाकडे पाहत ही माणसे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे अंधारात राहिली. संध्याकाळी काही तास जनित्र चाले, तेवढाच उजेड. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर तार टाकून बेटावर वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. जागतिक वारसा आधी आला, दिवा एकतीस वर्षांनी! आमच्याकडच्या वाडी-तांड्यांना लोंबकळणाऱ्या तारांचा अनुभव असल्यामुळे आम्ही यावर फार हसू शकत नाही.

पाण्याचेही तेच. पावसाळ्यात बेट हिरवेगार, आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ. काळा पाषाण पाणी मुरू देत नाही, हे त्या जिंतूरच्या मुलाच्या बापाला विचारा. जुन्या कारागिरांनी लेण्यांच्या बरोबरीने टाकी खोदली ती हौसेने नव्हे. पायऱ्यांवर काकड्या-कैऱ्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंशी आमच्या मुली बोलत होत्या. तिने गाव विचारले. परभणी तिला ठाऊक नव्हते. पण आमच्याकडे टँकर येतो असे मुलींनी सांगितल्यावर तिला गाव एकदम कळल्यासारखे झाले, आणि तिने काकडीचे पैसे दोन रुपयांनी कमी घेतले.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. सोमवारी लेणी बंद असतात. आमच्यासारखे रात्रभर प्रवास करून सोमवारी गेटवेला उभे राहणारे पुष्कळ असतात म्हणून मुद्दाम सांगतो. धक्क्यापासून छोट्या आगगाडीने पायथ्याशी जाता येते, पण चालत गेलेले बरे. वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माकडांपुढे हातात खाण्याचा पदार्थ धरू नये. प्रवाशांना रात्री बेटावर राहता येत नाही, तेव्हा शेवटची लाँच चुकवू नये. आणि लाँचमध्ये बसताना अंगरक्षक जाकीट मागून घ्यावे, लाजू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या एका प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि दहाबाराहून अधिक माणसे गेली. सहलीला निघालेली कुटुंबे होती ती. त्या बातमीनंतर आमच्या गावातले दोन पालक मला भेटायला आले, यंदा सहल समुद्रावर नेऊ नका म्हणून. मी त्यांना समजावले नाही. यंदा मुले वेरूळला जातील, आणि धुमार लेणे मी त्यांना चुकवू देणार नाही.

राहता राहिला हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले तो दगडी हत्ती राजबंदरच्या बाजूला उभा होता. त्याच्या पाठीवर एक लहानसे जनावर होते असे जुन्या प्रवाशांनी लिहिले आहे. १८१४ साली त्याची मान गळून पडली, मग धडही खचले. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण यारीची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. शिलालेख गेला, हत्ती वजनामुळे वाचला असे म्हणावयाचे. तुकडे मुंबईत आणून १९१४ साली पुन्हा जोडले गेले. आज तो भायखळ्याला जिजामाता उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. सहलीच्या परतीच्या दिवशी गाडीला अवकाश होता म्हणून मुलांना मी तेथे नेले होते. सांधे स्पष्ट दिसतात. पाठीवरचे ते लहान जनावर नाही. जिंतूरच्या मुलाने याही दगडाला हात लावून पाहिला, आणि मग सगळे खिडकीच्या जागांसाठी स्टेशनकडे धावले.